डबीवाले नाना

मुंबईतल्या माहुलच्या पुनर्वसनाच्या इमारतींत दर जिन्याला एक तरी नाना सापडतात. नोकरीतून निवृत्त, शर्टाच्या खिशात टेस्टर, पाकिटात नोटांच्या जागी मेमरी कार्डं. २२५ चौरस फुटांच्या घरात टीव्ही भिंतीवर, आणि त्याच्या पाठीला टेपने चिकटवलेली पत्त्यांच्या कॅटाएवढी डबी. आत रास्पबेरी पाय. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून केंब्रिजच्या मंडळींनी हा ३५ डॉलरचा संगणक २९ फेब्रुवारी २०१२ रोजी बाजारात आणला. नानांनी तो लॅमिंग्टन रोडवरून आणला, नानींना जुने मराठी सिनेमे बघता यावेत या सबबीवर. ‘सबब’ हा शब्द नानींचा.

पाहुण्याला चहाच्या आधी कुळाचा इतिहास मिळतो. “यात कोडी आहे, सिनेमे चालवणारं सॉफ्टवेअर. माहेरचं नाव एक्सबीएमसी, मूळ घर एक्सबॉक्स. २०१४ साली नाव बदललं.” मग दिव्यांची ओळखपरेड: लाल म्हणजे वीज आली, हिरवा लुकलुकला म्हणजे कार्ड वाचतंय.

सिनेमा मात्र अर्ध्यावर अडतो. नायिका तोंड उघडून थिजते, पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकतं आणि नानांचा चेहरा खुलतो.

“अहो, केबलच बरी होती,” नानी म्हणतात.

“केबलमध्ये शिकायला काय मिळतं?”

पहिला संशय माहुलच्या हवेवर. “रिफायनऱ्यांच्या शेजारी राहतो आपण. कार्डाच्या पट्ट्या गंजल्या असणार!” पट्ट्या खोडरबराने घासून होतात. (इथल्या हवेने माणसांचं काय केलं ते उच्च न्यायालयापर्यंत गेलं, कार्डाच्या बाबतीत मात्र ती निर्दोष आहे.) दुसरा संशय वायफायवर, तिसरा एचडीएमआय केबलवर. शेवटी कार्ड पुसून सगळी सिस्टीम नव्याने. तोवर नानी भाकऱ्या उरकून झोपलेल्या असतात.

खरं तर ते पिवळं चिन्ह एकच गोष्ट सांगत असतं: पाच व्होल्टची वीज ४.६३च्या आसपास घसरली. नानांच्या मॉडेलला अडीच अँपियरचा चार्जर लागतो. नानांनी लावलेला जुन्या मोबाईलचा, एक अँपियरचा. वर टीव्हीपर्यंत पोचावी म्हणून लांबलचक बारीक वायर. सिनेमा सुरू झाला की पायला जास्त वीज लागते, ती या वायरीतून पुरत नाही, व्होल्टेज पडतं आणि पाय आपला वेग कमी करतो. अशात वैतागून बटण बंद केलं, तर कार्डावरच्या फाइली बिघडण्याची शक्यता, म्हणजे नानांची पुढच्या आठवड्याची सोय.

चार्जर बदलला पाचवीतल्या नातीने. तिने घरातल्या दोन्ही चार्जरांवरची बारीक अक्षरं वाचली, बस्स. सिनेमा न अडखळता धावू लागला. शेजारणी दारात टेकल्या, नानी मटार सोलता सोलता हसू लागल्या. नाना तेवढे अस्वस्थ. मध्यंतराला उठलेच. “नवीन अपडेट आलंय. दोन मिनिटं.” पडदा काळा.

या माणसाला सिनेमा नको असतो, बिघाड हवा असतो. तेव्हा तुमच्या टीव्हीवर पिवळी वीज चमकली तर आधी चार्जरवर किती अँपियर लिहिलंय ते वाचा, वायर आखूड आणि जाड लावा. आणि नानांना बोलवायचंच असेल, तर सिनेमा संपल्यावर बोलवा.