तयार घरवाले काका

आमच्या सोसायटीतल्या काकांची सगळी हयात पाटबंधारे खात्याच्या बोगद्यांत गेली. निवृत्त झाले आणि त्यांना चंद्र लागला. चांदणं-बिंदणं नव्हे, पौर्णिमेला ते गच्चीवर येतात ते चंद्राची भोकं दाखवायला. शंभर मीटर रुंदीचं भोक इथून काय कप्पाळ दिसणार! पण काकांचं बोट ठाम.

"पहिलं २००९ साली जपानच्या कागुया यानानं शोधलं, मारियस टेकड्यांत. दुसरं शांततेच्या सागरात. त्याच्या तळातून आत गुहा गेलीय, हे इटलीतल्या त्रेंतोवाल्यांनी २०२४ मध्ये दाखवलं. नासाच्या यानाची रडारची मोजणी २०१० पासून पडून होती. चौदा वर्षं! आमच्या खात्याला उगाच नावं ठेवतात."

चंद्रावर घुमट बांधू म्हणणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग. "बांधायचं कशाला? लाव्हा वाहिला, वरचा थर थिजला, आतला निघून गेला. बोगदा तयार! खणाई नाही, टेंडर नाही. बाहेर दुपारी सव्वाशे अंश, रात्री उणे पावणेदोनशे. खड्ड्याच्या सावलीत सतरा. वर डोक्यावर खडक, म्हणजे उल्का नको, किरणोत्सार नको. आणि खडक कुठला? बेसॉल्ट! आपल्या सह्याद्रीचाच भाऊबंद."

कुलकर्णीवहिनींनी एकदा भीत भीत विचारलं, "पण काका, ते भोक म्हणजे छतच कोसळलेलं ना?"

"पडायचं तेवढं पडून गेलं," काका म्हणाले. "उरलंय ते पक्कं."

जिन्यातलं प्लॅस्टर पडलं तेव्हाही ते हेच म्हणाले होते. पण नव्या इमारतीच्या स्लॅबवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. पुनर्विकासाच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या झाल्या, एक काकांची अडली आहे. साडेतीनशे कोटी वर्षं टिकलेल्या छताखाली ते अख्खी मानवजात हलवायला तयार आहेत; स्वतः मात्र दोन वर्षं भाड्याच्या घरात जायला तयार नाहीत. काकूंनी बांधाबांध करून ठेवलेली खोकी दर दिवाळीला सुटतात.

परवा बिल्डरचा माणूस गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी आला. जिम, लिफ्ट, पार्किंग, सगळं सांगून झालं. काकांनी चष्मा पुसला, नकाशा उलटसुलट पाहिला.

"ते सगळं ठीक. वर खडक किती मीटर?"

पोरगा गोंधळला. "वर टेरेस गार्डन आहे, सर."

काकांनी माहितीपत्रक मिटून त्याला परत दिलं आणि काकूंना चहा टाकायला सांगितलं.