विनाअग्नी पाककला

शाळांच्या विनाअग्नी पाककला स्पर्धेत बिस्किटांचे लाडू हटकून असतात. साहित्य सुटसुटीत: मारी बिस्किटांचा पुडा, २ चमचे कोको, अर्धी वाटी कंडेन्स्ड मिल्क आणि घोळवायला सुके खोबरे. चुरा करणे हा मुलांचा प्रांत. बिस्किटे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लाटण्याने बडवायची असतात. दोन-चार दणक्यांत पिशवी फाटते आणि चुरा ओट्यावरून मिक्सरच्या मागे जातो. मग तोच मिक्सर आई सुरू करते. १८५६ साली अमेरिकेत गेल बॉर्डन यांनी कंडेन्स्ड मिल्कचे पेटंट घेतले, ते दूध टिकावे म्हणून. मुलांच्या हाती चमचा असेपर्यंत टिकण्याचा प्रश्न येत नाही. मिश्रण सैल वाटले की बिस्किटे वाढवायची, कोरडे वाटले की दूध. अशाने एका पुड्याचे दोन होतात. तुपाच्या हाताने लाडू वळतात, खोबऱ्यात घोळवतात, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवतात. आईने वळलेला लाडू गोल असतो, मुलाने वळलेला बोटांच्या ठशांचा. स्पर्धेच्या ताटात अर्थातच पहिला जातो. ‘पदार्थ विद्यार्थ्याने स्वतः करावा’ हा नियम पाळण्यासाठी मूल प्रत्येक लाडवावर एक रंगीत गोळी टोचते. परीक्षकांपुढे म्हणायची कृती मात्र त्याला आदल्या रात्रीच तोंडपाठ झालेली असते.