पंचांगातलं तण

मृगाचा पाऊस फर्दापूरच्या काळ्या मातीवर पडला, की परसातलं तण कुणाच्या पेरणीसाठी खोळंबत नाही. मिरची-वांग्याची रोपं अजून बिचकत मान वर काढतायत, तोवर हरळी, केना, आघाडा आणि लव्हाळ्यानं वाफ्याचा सातबारा आपल्या नावावर करून घेतलेला असतो. दुकानात तणनाशकाची बाटली मिळते. पण जिथली मेथी संध्याकाळी कढईत पडणार आणि जिथं पोरं अनवाणी हुंदडणार, तिथं फवारायला हात धजत नाही. कुणी मीठ टाकायला सांगतं, तर ते मातीचंच तोंड कडू करून ठेवतं. उरतं ते खुरपं. पावसानं उघडीप देऊन वाफसा आला, की मूळ सुखानं हाती येतं. मग मोकळ्या जागी पाचोळ्याचा जाड थर पसरावा, उजेड न मिळालेलं बी बहुतेक निजूनच राहतं. लव्हाळ्याला मात्र यातलं काही लागू नाही. वरची पाती उपटून आपण समाधान मानावं, खाली त्याच्या गाठी शांतपणे पुढचा बेत करत असतात.

पण माझं खुरपं खरं अडतं ते पंचांगापाशी. आघाड्याला हात घातला, की शेजारच्या आक्का कुंपणावरून म्हणतात, "राहू दे रे, ऋषिपंचमीला दात कशानं घासू?" हरळी तर चतुर्थीपासून दूर्वा होते आणि थेट देवाच्या माथ्यावर जाते. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, या पंचमीच्या नेमापायी आपोआप उगवलेल्या भाज्यांनाही मान येतो. ज्येष्ठात ज्याला शत्रू म्हणून उपटावं, त्यालाच भाद्रपदात टोपली घेऊन शोधत फिरावं लागतं, हा संकोच खुरप्यालाही जाणवत असावा.

इथून जवळच्या अजिंठ्याच्या लेण्यांवरही झाडोरा माजला होता. 1819 साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथला त्या गर्दीतून कमान दिसली. त्याआधी एखादा टापटिपीचा माळी तिकडं फिरकला असता, तर लेणी उजेडात आणल्याचं श्रेय खुरप्याला गेलं असतं.

गाजरगवताला मात्र कुणी वाली नाही. 1950च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं. परदेशी गव्हातून आलं असं मानतात. आपल्या भुकेसाठी आलेल्या धान्यातून चोरून आलेला हा पाहुणा अंगाला खाज आणतो, म्हणून फुलं यायच्या आत, हातमोजे घालूनच त्याला काढावं. मेक्सिकन भुंगे तेवढे त्याची पानं आवडीनं खातात.

परवा मी त्याला ओढत असताना आक्कांनी विचारलं, "ह्याचा कुठला सण नाही का रे?"

"नाही, आक्का."

त्या क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उपट मग. पण अंगरखा लांब बाह्यांचा घाल."