शिरस्तेदारांचा भोपळा

भूमापन खात्यात उभी हयात मोजणीच्या साखळीमागे घालवून पेन्शनीत निघालेला गृहस्थ उरलेला काळ ईश्वरचिंतनात कंठील, अशी जी आपली भाबडी समजूत असते, तिला प्रत्येक आळीतील एखादा तरी शिरस्तेदार दर रविवारी सुरुंग लावीत असतो. आमचे शिरस्तेदार पहाटेच्या एस.टी.त बसतात ते पाठीला पोहण्याचा वाळका भोपळा बांधूनच. त्यामुळे टेकून बसणे अशक्य होऊन शेजाऱ्याला अर्ध्या बाकावर प्रवास करावा लागतो.

लेणी म्हणजे दगडात कोरलेले दफ्तर, हा त्यांचा सिद्धांत. जुन्नरच्या मानमोडी डोंगरावरील लेखांत कोणा दात्याने किती निवर्तने शेत दिले आणि त्याच्या उत्पन्नातून करंजाची व वडाची झाडे लावण्याची तजवीज कशी केली, हे सांगताना त्यांचा कंठ दाटून येतो, मात्र चैत्याची कमान पाहू या म्हटले, की "कमान जागच्या जागी आहे, पळून थोडीच जाते!" असे म्हणून ते पुढच्या लेखाकडे वळतात. नाणेघाटातील जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण पाहिल्यावर तर त्यांनी, आपल्याच खात्याचा पूर्वज भेटावा तसे, पागोटे काढून नमन केले होते.

निघोजला कुकडीच्या पात्रात, प्रवाहाबरोबर गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या कातळात युगानुयुगे घासून पाडलेले रांजणखळगे आहेत. तेथे पोरे उड्या मारू पाहतात. शिरस्तेदारांची ताकीद अशी, की खळग्यात उतरायचे नाही, वरच्या उथळ पाण्यातच डुंबायचे, आणि तेही सर्वांची नावे फेरिस्तीत चढल्यावर! (या एका हुकमाबद्दल मात्र मी त्यांचा ऋणी आहे, आतले पाणी वरून दिसते तितके गरीब नसते.) स्वतः मात्र ते भोपळ्यासह काठावरच. तीस वर्षांत त्या भोपळ्याला घामाखेरीज कशाचा ओलावा लागल्याचे कोणी पाहिलेले नाही.

गेल्या खेपेस त्यांनी सुतळीला गोटा बांधून एका खळग्याची खोली घेण्याचे आरंभिले. सुतळी संपली, पंचा जोडला, तोही संपला, शेवटी धोतराचा सोगा हाती घेऊन क्षणभर विचार केला, आणि आम्हा सर्वांकडे पाठ फिरवून वहीत स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिले : "खोली : मोजणी तहकूब."