दिवाणखान्यातली आवणी

कॅलगरी, ६ जुलै

ती. आई व आप्पा,

परवा फोनवर आप्पांनी "काय चाललंय?" विचारलं, मी म्हटलं, "प्रवाळाची लावणी." त्यावर आप्पांनी काही न बोलता फोन आईकडे दिला. म्हणून सविस्तर लिहितो.

समुद्र इथून हजारेक किलोमीटर, आपल्या हरसूलहून आहे त्यापेक्षाही लांब. तेव्हा तो घरीच, दिवाणखान्यातल्या टाकीत करावा लागतो. नळाचं पाणी आरओतून गाळून त्यातले क्षार काढायचे, मग लिटरला ३५ ग्रॅम हिशेबानं विकतचे क्षार परत घालायचे. दर रविवारी २० लिटर पाणी बदलतो, म्हणजे ७०० ग्रॅम मीठ. आरओ एक बादली देताना तीन बादल्या सोडून देतो, हे आई, तुला सांगणार नव्हतो. होळीनंतर तळ गाठलेल्या विहिरीवर हंडा घेऊन थांबलेली तू डोळ्यांपुढे येतेस. म्हणून ते पाणी पिंपात धरून तुझ्या सुनेच्या टोमॅटोंना घालतो.

आमचं प्रवाळ म्हणजे आप्पांनी मंगळासाठी बोटात घातलेलं पोवळं नव्हे. तरी भाऊबंद खरं. पोवळ्यातल्या जिवाला आठ बोटं, आमच्या लेदर कोरललाही आठच. पण पोवळं कठीण आणि हे मऊ. दिसायला पावसात बांधावर येणाऱ्या अळंबीसारखं, हाताला ओल्या चामड्यासारखं. कापलं तर मरत नाही, शेवग्याच्या फांदीसारखं तुकड्यातून पुन्हा उभं राहतं.

पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातली सुरी घेतली. ती सुरी आता कायमची गॅरेजात आहे; मलाही एक रात्र तिथेच काढायला लागते की काय, असं वाटलं होतं. कापताना चिकट रस सुटतो, त्याला कुजक्या सुकटीचा वास! आता ब्लेड वेगळं, बादली वेगळी, हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा. टोपीची कड कापायची, तुकडे बादलीतल्या खाऱ्या पाण्यात खळबळून घ्यायचे आणि मगच टाकीत सोडायचे. रस टाकीत गेला तर शेजारच्या प्रवाळांना बाधतो. भाऊबंदकी तिथेही आहे, फक्त तारखा न घेता थेट विषावर येतात. म्हणून फिल्टरमध्ये कोळशाची पुरचुंडी ठेवलीय.

खरी कसरत तुकडा दगडावर बसवण्याची. सुपरग्लू त्या बुळबुळीत अंगाला धरतच नाही. तीनदा लावला, दोनदा तुकडा सुटला, तिसऱ्यांदा माझाच अंगठा दगडाला चिकटला. शेवटी कोथिंबिरीच्या जुडीचा रबरबँड कामी आला, तोही सैल. घट्ट बांधला की तुकडा मधोमध चिरतो. "रोप नुसतं टेकव, गाडू नको," असं आप्पा खाचरात ओरडायचे ते आठवलं. दोनेक आठवड्यांत तुकडा दगड धरतो.

मोठं झाड मात्र कापल्यावर मिटून बसलं, अंगावर मेणचट पापुद्रा धरला. सूनबाई म्हणाली, "गेलं." मी पंपाचं तोंड त्याच्याकडे वळवून ठेवलं. नवव्या दिवशी त्यानं कात टाकली आणि बोटं बाहेर काढली. त्या संध्याकाळी घरात शिरा झाला.

आई, ऑक्टोबरात याल तेव्हाचं आत्ताच सांगतो. डाव्या कोपऱ्यातल्या दगडावर हिरवी-केशरी बटणं आहेत, ती झोअँथिड. त्यांच्या काही जातभाईंत पॅलिटॉक्सिन नावाचं जहर असतं; १९७१मध्ये हवाईत शास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. मी त्यांना ब्लेड लावत नाही. तो दगड घासायचा नाही आणि उकळत्या पाण्यात तर अजिबात घालायचा नाही. त्या वाफेनं घरंच्या घरं दवाखान्यात गेलेली आहेत. बाहेरून आलेली वस्तू उकळल्याशिवाय तुला चैन पडत नाही, म्हणून दोनदा लिहितो: उकळायचा नाही.

मामा मालवणहून प्रवाळाचा तुकडा पाठवतो म्हणतोय, त्याला आवरा. २००१पासून दगडी प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेत. त्यापेक्षा नागलीचं पीठ आणि खुरासणीची चटणी आणा.

आवणी कुठवर आली? खालच्या खाचरात पाणी ठरतंय का? माझ्या चार रोपांतली तीन लागली, चौथं पंपात गेलं. नांगे भरायला पुन्हा कड कापावी लागणार, आणि सुरी कुठे ठेवलीय ते सूनबाई विसरलेली नाही.

तुमचा,
थोरला