एका पारड्यात आजी, दुसऱ्यात झेरॉक्स

देवदर्शनाला निघालेल्या बाईची पिशवी वेगळी असते, लग्नाला निघालेल्या बाईची वेगळी. पांढरकवड्याच्या बसस्थानकावर एक तिसरीच पिशवी दिसते. वरून साधी कापडी, आत साडीच्या दुकानाची प्लास्टिकची थैली. थैलीत आधारकार्ड, रेशनकार्ड, पासबुक, मतदान कार्ड, वीजबिल, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, आणि या सगळ्यांच्या तीन-तीन झेरॉक्स. थैलीला रबर, आणि रबरावर विश्वास नाही म्हणून वरून सुतळी. ही पिशवी दिसली की ओळखावं, बाई तहसीलच्या यात्रेला निघाली आहे.

ही आजी कुणी एक नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातल्या सोळा तालुक्यांच्या ठिकाणी, कचेऱ्यांसमोर बसलेल्या अनेक आजींची मिळून ती झालेली आहे. तिला हवं आहे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचं मानधन, महिन्याला 1,500 रुपये. अटी तीन. वय 65 किंवा वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत, आणि महाराष्ट्रात किमान 15 वर्षं वास्तव्य. या तिसऱ्या अटीची मोठी गंमत आहे. आजी महाराष्ट्र राज्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी थोरली. तेव्हा वास्तव्याचा पुरावा खरं तर तिनं राज्याकडे मागायला हवा.

पुराणातल्या श्रावणबाळानं आंधळ्या आईबापांना कावडीत बसवून तीर्थयात्रेला नेलं. त्याचं नाव लावलेल्या योजनेत कावडीच्या एका पारड्यात आजी आहे, दुसऱ्यात झेरॉक्स, आणि वजन झेरॉक्सचं जास्त भरतं. कावड वाहायला नातू आहे. त्याची आजची मजुरी बुडाली. मजुरी बुडाल्यामुळे कुटुंबाचं उत्पन्न थोडं आणखी कमी झालं, म्हणजे पात्रतेच्या दृष्टीनं प्रगतीच म्हणायची.

एसटी येते. आजी पैसे पुढे करते, कंडक्टर अर्धं तिकीट फाडतो. एवढंच. 17 मार्च 2023 पासून महाराष्ट्रात एसटीनं जाणाऱ्या बायांना निम्मं भाडं आहे, आणि बाई असल्याचा दाखला कुणी मागत नाही. फॉर्म नाही, फोटो नाही, तलाठ्याची सही नाही. अख्ख्या प्रवासात सरकारनं आजीला दिलेली ही एकच गोष्ट, जी मागावी लागली नाही. गंमत अशी, की उरलेल्या गोष्टी मागायला जाण्यासाठीच ती वापरावी लागते.

जिल्हाही असा, की त्यात गोवा राज्य साडेतीन वेळा मावेल. साडेतेरा हजार चौरस किलोमीटर. उमरखेडच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी यायचं तर शंभरावर किलोमीटर, वणीच्या माणसाला दुसऱ्या बाजूनं तेवढंच. एक सही राहिली की एक दिवस गेला. साहेब मीटिंगला गेले की दुसरा गेला. ‘लिंक नाही’ म्हटलं की तिसऱ्याचं काही खरं नाही.

पांढरकवड्याला लागूनच टिपेश्वरचं अभयारण्य आहे. तिथला एक तरुण वाघ 2019 साली घर सोडून निघाला. तेलंगणाची हद्द ओलांडून, शेतांतून, नाल्यांतून 1,300 किलोमीटरहून जास्त चालत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. लोकांनी कौतुकानं त्याला ‘वॉकर’ म्हटलं. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्यामुळे तो कुठे आहे, चालतो आहे की झोपला आहे, हे खात्याला बसल्या जागी कळत होतं. त्याच्या हयातीचा दाखला उपग्रहावरून येत होता. आजीला मंजुरी मिळालीच, तर ती जिवंत असल्याचं दर वर्षी तिनं स्वतः येऊन सांगायचं आहे. समोर उभी राहिली तरी पुरत नाही, कागद लागतो. वाघाला राज्याची हद्द ओलांडूनही रहिवासी दाखला कुणी विचारला नाही, पण त्यावरून वाद घालायला वाघाच्या जवळ जाणार कोण, हाही भाग आहेच.

उत्पन्नाचा हिशेब मात्र कुणीही बसल्या जागी करावा असा आहे. वर्षाला 21,000 म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न रुपये, आणि तेही एकट्या आजीचे नव्हेत, सगळ्या घराचे. आता हे बघा. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती, आणि कायद्यानं हमी होती शंभर दिवसांची. घरातल्या एकानं 68 दिवस माती टाकली की 21,216 रुपये होतात. म्हणजे सरकारच्या एका खात्यानं दिलेली हमी दोन-तृतीयांशाहून जराशी जास्त पाळली गेली, तरी सरकारच्या दुसऱ्या योजनेतून घर बाद. दोन्ही योजना गरिबांसाठीच. मग तलाठी काय करतो? तो व्यवहारी माणूस असतो. 2024 साली त्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ असं लांबलचक झालं, पण गाव त्याला तलाठीच म्हणतं, आणि तोही गावाच्या गरिबीला वीस हजारांच्या आसपास ठेवून सही करतो. अट अशी असली की अर्जदाराआधी कागदालाच खोटं बोलणं भाग पडतं.

वयाचं प्रकरण याहून नाजूक. आजीच्या मतदान कार्डावर एक वय, रेशनकार्डावर दुसरं, आधारवर तिसरं. आधारवरची जन्मतारीख 1 जानेवारी. कारण साल अंदाजे सांगितलं की तारीख आपोआप तीच पडते. शाळेत गेलेल्या पिढ्यांचे वाढदिवस गुरुजींनी 1 जूनला ठरवून टाकले, न गेलेल्यांचे संगणकानं 1 जानेवारीला. वयाचा दाखला ग्रामीण रुग्णालयातून घेतला तरी चालतो. पण खिडकीतून कुणी ‘जिल्ह्याचा आणा’ म्हणालं, की तिथे नियम काढून कोण दाखवणार? म्हणून ही बस यवतमाळची.

अन् याच जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात, शेंदुरसनी नावाचं गाव आहे. लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास. 2025 च्या अखेरीस उघडकीला आलं, की या ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत 27 हजारांहून जास्त जन्मनोंदी ऑनलाइन झाल्या आहेत. चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. गावात पाळणे तेवढेच होते जेवढे आधी होते. पासष्ट-सत्तर वर्षं जगून दाखवलेल्या बाईला जन्मल्याचा पुरावा मिळेना, आणि तिथं कुणी न जन्मताच पुरावे तयार!

यवतमाळात आधी अंगठ्याचा प्रश्न उभा राहतो. केंद्रावरचा मुलगा काळं यंत्र पुढे सरकवतो. तांबडा दिवा लागतो. “अंगठा घेऊन नाही राह्यलं, आजी.” चाळीस वर्षं कापूस वेचलेला अंगठा तो. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचणीच्या दिवसांत बोटांची टोकं रोज सोलतात, आणि मग तिथली कातडी जाड, गुळगुळीत होऊन बसते. रेषा गेल्या कपाशीत. मग उपाय सुरू होतात. अंगठा पदराला पुसायचा, ओल्या फडक्यावर दाबायचा, केसांच्या तेलावरून फिरवायचा, पुन्हा पुसायचा. रांगेतली प्रत्येक बाई या विषयातली तज्ज्ञ. “दाबू नको वं, हलकेच ठेव.” “आंगठा राहू दे, मधलं बोट दे.” दहा बोटं एकेक करून उमेदवारीला उभी राहतात, आणि शेवटी करंगळी निवडून येते. हिरवा दिवा. अख्ख्या खोलीला आनंद.

यवतमाळहून मूर्तिजापूरला एक चिमुकली आगगाडी जायची. इंग्रजांच्या काळात इथला कापूस वाहून न्यायला किलिक निक्सन कंपनीनं टाकलेली अरुंद रुळांची वाट. गाडीचं लोकांनी ठेवलेलं नाव शकुंतला. आता ती बंद आहे, पण नाव विचार करायला लावतं. ओळख पटवणारी अंगठी हरवली म्हणून राजदरबारातून रिकाम्या हातानं परत फिरलेली शकुंतला ही आपल्याकडची पहिली अपात्र अर्जदार. तेव्हा अंगठी लागत होती, आता अंगठा. दुष्यंत तेव्हाही म्हणाला होता, आठवत नाही. आता म्हणतात, सिस्टीमला दिसत नाही.

एका खिडकीपाशी मात्र थट्टा थांबते. या जिल्ह्यात शेतकरी आत्महत्येनंतरच्या मदतीचाही अर्ज असतो. एक लाख रुपये. त्यातले 30 हजार हातात, 70 हजार बँकेत ठेव. त्यासाठी मृत्यूचं कारण नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा यांत बसावं लागतं, आणि कर्ज बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं लागतं. गावातल्या ओळखीच्या माणसाकडून हातउसने घेतलेले पैसे या हिशेबात येत नाहीत. मग समितीपुढे प्रकरण येतं आणि त्यावर ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा पडतो. तो शेरा घेऊन बाई घरी जाते. अशा घरांना आणि अशा रात्रींना एक क्रमांक ठाऊक असावा, 14416, टेली-मानसचा. तिथे चोवीस तास माणूस बोलतो आणि झेरॉक्स लागत नाही.

हा ताण नुसता वाटण्यातला नाही. 2013 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांचा एक अभ्यास छापून आला. तेच शेतकरी, तशाच चाचण्या. कापणीआधी, हात आखडलेला असताना, उत्तरं चुकत होती. कापणीनंतर पैसे आले की तीच डोकी नीट चालत होती. अर्ज भरायची वेळ कोणती असते? पैसे संपलेले असतात तीच. ज्या घटकेला माणसाचं डोकं सर्वांत कमी मोकळं, नेमक्या त्याच घटकेला त्याच्यापुढे चार पानांचा नमुना ठेवायचा, अशी ही रचना आहे.

यावर लोकांनी शोधलेला उपाय कुठल्याही परिपत्रकात नाही. तो म्हणजे बाक. कचेरीच्या व्हरांड्यातला सिमेंटचा बाक, किंवा झाडाखालचा पार. इथे एकटी आलेली बाई फार वेळ एकटी राहत नाही. “काहाले आली वं बाई?” एवढ्या एका प्रश्नात निम्मा जीव हलका होतो. कोणत्या वारी कोणता साहेब असतो, कोणता झेरॉक्सवाला काळं काढत नाही, ‘त्रुटी’ म्हणजे नामंजूर नव्हे तर फक्त एक कागद कमी, हे ज्ञान बाकावर फुकट मिळतं. भाकरीचं फडकं सुटतं, ठेचा इकडून तिकडे जातो. एकीचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला असेल, तर पाचव्यांदा परत आलेली तिला धीर देते, आणि पाचव्यांदावालीला त्यामुळे जरा मोठेपण येतं.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत काही वर्षांपूर्वी ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन लोकांच्या मनाची विचारपूस करायला लावलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेलं, हे 2017 साली ‘लॅन्सेट सायकियाट्री’त छापूनही आलं. बाकावरच्या बायांना लॅन्सेट माहीत नाही. विचारपूस मात्र त्या करतात, आणि चहाचे पैसेही कधीकधी देतात.

या दिवशी बाकावर विषय होता बायांसाठीची लाडकी बहीण योजना. जुलै 2024 मध्ये अर्ज सुरू झाले तेव्हा जन्मदाखला आणि अधिवास यांच्यासाठी गर्दी उसळली, मग अटी सैल झाल्या, मुदती वाढल्या. सप्टेंबर 2025 मध्ये ई-केवायसी आली. त्यात बाईच्या आधारसोबत नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार, आणि त्यावरचा ओटीपी. ज्यांचे दोघंही वर गेलेले, त्यांनी ओटीपी कुठून मागवायचा? पुढे अशा बायांसाठी मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय करावी लागली. सगळ्या नव्या कामांचा शेवट अंगणवाडीच्या दारात होतो, हा या राज्याचा अलिखित नियम आहे.

त्यातून वाचलेल्यांना त्याच ई-केवायसीतल्या एका प्रश्नानं गाठलं. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही ना, अशा उलट्या अंगाचा तो प्रश्न. भल्या बाईनं ‘नाही’ म्हटलं, की संगणकाच्या लेखी तिच्या घरात सरकारी नोकर! हाव म्हणावं तर खोटं वाटतं, नाई म्हणावं तर पैसे बंद. बाकावरच्या एकीला अशानं आयुष्यात पहिल्यांदा सरकारी नोकरीतला नवरा मिळाला होता. “पगार कोठी जाते त्याचा, थेवढं सांग मने!” असं म्हणून तिनंच सगळ्यांना हसवलं.

तेवढ्यात आर्णीकडच्या एकीनं आपल्या गावचा किस्सा काढला. ऑगस्ट 2024 मध्ये आर्णीतल्या एका भावाच्या खात्यात लाडक्या बहिणीचे 3,000 रुपये येऊन पडले होते. त्यानं अर्ज केला नव्हता, आणि करायचा म्हटला असता तरी नियमात बसला नसता. बातमी राज्यभर झाली. बाक पुन्हा हसला. आजी तेवढी गंभीर झाली. पिशवी मांडीवर ओढून तिनं नातवाला जवळ बोलावलं.

“थो कोन्या खिडकीत गेला नव्हता, ते इचारून घे बावा,” ती म्हणाली. “आपुनबी तिथं नाही जाऊ.”