चौक हवा होता

अमेरिकेत शाळेच्या संघाने राज्याचे अजिंक्यपद मिळवले की राज्याचे विधिमंडळ अनेकदा अभिनंदनाचा ठराव करते. मुलांना सभागृहात बोलावतात, नावे वाचतात, टाळ्या होतात, आमदारांबरोबर फोटो निघतो. सरकारला याहून स्वस्त काम दुसरे नसेल. म्हणूनच इतके स्वस्त कौतुक कोणाला नाकारले गेले, हे आधी बघावे. सरकारची नियत तिथे कळते.

इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिस शहराने ते आपल्याच शाळेच्या मुलांना नाकारले. शाळेचे नाव क्रिस्पस अ‍ॅटक्स हायस्कूल. कृष्णवर्णीय मुले गोऱ्या मुलांच्या शाळेत नकोत म्हणून 1927 मध्ये ही वेगळी शाळा काढली. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने 1942 पर्यंत अशा शाळांना दारातही उभे केले नाही. शाळेचे बास्केटबॉलचे मैदान इतके तोकडे की घरचे सामनेही दुसरीकडे जाऊन खेळावे लागत. या परिस्थितीत रे क्रो नावाच्या प्रशिक्षकाने 1950 पासून संघ बांधायला घेतला.

इंडियानात शालेय बास्केटबॉल म्हणजे काय, ते 1954 मध्ये दिसले. मायलन या हजार-बाराशे वस्तीच्या गावच्या शाळेने अजिंक्यपद जिंकले. अंतिम सामन्याच्या वाटेवर त्यांनी अ‍ॅटक्सलाही हरवले होते. जिंकल्यावर त्या मुलांची इंडियानापोलिसच्या मध्यवर्ती चौकातून, मॉन्युमेंट सर्कलमधून मिरवणूक निघाली. चौकाला उलट्या दिशेने फेरी मारली तरी पोलिसांनी अडवले नाही, उलट पोलिसाचीच मोटारसायकल पुढे होती. दुसऱ्या दिवशी त्या चिमुकल्या गावात सुमारे 40,000 माणसे लोटली. पुढे या विजयावरून हॉलिवूडने चित्रपटही काढला. मायलनच्या पोरांनी हे सगळे कमावलेले होते, त्याबद्दल तक्रार नाही.

मग 19 मार्च 1955 उजाडला. अ‍ॅटक्सने अंतिम सामन्यात गॅरी शहराच्या रूझवेल्ट शाळेला 97-74 असे हरवले. ही स्पर्धा 1911 पासून चाललेली, आणि तोवर राजधानी इंडियानापोलिसच्या एकाही शाळेला ती जिंकता आली नव्हती. पहिला चषक आणला तो शहराने वेगळ्या बसवलेल्या मुलांनी. सर्वांना खुल्या असलेल्या राज्य स्पर्धेत फक्त कृष्णवर्णीयांची शाळा अजिंक्य ठरण्याची देशातलीही ही पहिलीच वेळ. आता तरी शहराने डोक्यावर घ्यायला हवे होते.

शहराने काय केले? संघाला अग्निशामक बंबावर चढवले, मॉन्युमेंट सर्कलला एक फेरी मारली आणि बंब न थांबता पुढे गेला. नॉर्थवेस्टर्न पार्कला, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या बागेत. तिथे शेकोटी पेटवली, तिथेच नाचा म्हणून सांगितले. ही मुले शहर मोडून टाकतील आणि गोऱ्यांना हे आवडणार नाही, अशी अधिकाऱ्यांना धास्ती होती, असे त्या संघातल्या ऑस्कर रॉबर्टसन यांनी पुढे सांगितले. त्या रात्री ते सोळा वर्षांचे होते. जल्लोष अर्धा टाकून ते वडिलांच्या घरी गेले आणि या लोकांना आपण नको आहोत, असे त्यांना म्हणाले.

बंब दिला, मिरवणूक काढली, शेकोटीही पेटवली, आणखी काय हवे होते, असे विचारणारे तेव्हाही होते आणि आजही सापडतील. चौक हवा होता. मायलनच्या मुलांना मिळाला तोच, तसाच, तितकाच वेळ. चषक शहराचा आणि मुले मात्र वस्तीची, ही वाटणी ज्यांनी केली त्यांनी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांचा त्यांच्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या रात्री अपमान केला. याला खबरदारी म्हणायला मी तयार नाही.

मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पुण्यात दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंनी टाकलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता, चहा मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळत होता. हिंदू संघाला इतके बळी मिळवून देऊनही कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांच्याकडे आले.

अ‍ॅटक्सची मुले पुढच्याच वर्षी, 1956 मध्ये, 31 पैकी 31 सामने जिंकून पुन्हा अजिंक्य ठरली. इंडियानाच्या इतिहासात एकही सामना न हरता राज्य जिंकणारा हा पहिला संघ. रॉबर्टसन 1960 चे ऑलिंपिक सुवर्णपदक घेऊन आले, एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे दिग्गज झाले. शहराला 1955 च्या संघाला आपल्या मोठ्या वार्षिक मिरवणुकीत मानाचे स्थान द्यायला मात्र 2015 साल उजाडावे लागले. साठ वर्षे! प्रशिक्षक क्रो 2003 मध्येच गेले होते. उरलेल्यांनी तो मान स्वीकारला, हा त्यांचा मोठेपणा. शहराचे देणे त्याने फिटले असे मी मानत नाही.

आपल्याकडेही शाळेच्या पोरींनी खो-खोची किंवा कबड्डीची ढाल आणली की नगरपालिका, जिल्हा परिषद अभिनंदनाचा ठराव करते. जरूर करावा. पण सदस्यांना एवढीच विनंती आहे. शहरातल्या नामांकित शाळेचा सत्कार ज्या सभागृहात करता, आश्रमशाळेच्या संघाचाही त्याच सभागृहात करा, त्याच आठवड्यात करा, आणि मिरवणूक मुख्य रस्त्यानेच न्या.